चामड्याखालच्या रेघा

माझ्या बहारीनच्या रेसिडेंट आयडी कार्डावर धंद्याच्या रकान्यात ‘कार्पेंटर’ लिहिलेलं आहे आणि ते खोटं नाही. मंडळाच्या दिवाळी अंकासाठी “तुमच्या कामाबद्दल काहीतरी लिहा” असं संपादकबाई म्हणाल्या, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे कपाटं आणि शोकेस असाव्यात. तीही केली आहेत. पण गेली वीसेक वर्षं बुदैयाच्या रस्त्याला लागून असलेल्या एका खजुरीच्या वाडीत मी जुन्या रायफलींचं लाकूडकाम करतो. दापोलीकडे आमच्या गावात हे मी फारसं कोणाला सांगितलेलं नाही. घरात लग्नाची मुलगी असताना “बाप बहारीनला बंदुकांचं काम करतो” हे कानावर जायला चांगलं नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझ्या मालकीची एकही बंदूक नाही आणि आजवर मी एकही गोळी झाडलेली नाही. लायसन, कागदपत्रं, पोलिसांकडच्या नोंदी, सगळं मालकाच्या नावावर आहे. मालकाला इथे आम्ही अरबाब म्हणतो. आमचे अरबाब फौजेत शस्त्रागार सांभाळून निवृत्त झाले. हिंदी त्यांना बऱ्यापैकी येते. अर्धी आमच्या लोकांकडून शिकलेली, अर्धी सिनेमातून. मी त्यांच्या बैठकीच्या खोलीचे दरवाजे करायला गेलो होतो. दरवाजे झाल्यावर त्यांनी एक फुटका दस्ता माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, “मिस्त्री, ये जोड के दिखाओ.” जोड दिसणार नाही असा जोडून दिला. त्या दिवसापासून ते मला परत कपाटांकडे जाऊ देईनात.

आमची वाटणी सरळ आहे. लोखंड त्यांचं, लाकूड माझं. दस्ता म्हणजे बंदुकीचा खांद्याला टेकणारा लाकडी भाग. तो बहुतेक अक्रोडाचा असतो आणि शंभर वर्षांत त्याने तेल, घाम, धूळ आणि तंबाखू इतकं प्यायलेलं असतं की लाकूड ओळखू येत नाही. खडूची भुकटी लावून उन्हात ठेवलं की आतलं तेल हळूहळू वर येतं. पोचा पडला असेल तर ओला कपडा ठेवून वरून गरम इस्त्री टेकवायची. दबलेलं लाकूड वाफ पिऊन परत फुगतं. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अरबाब लहान मुलासारखे हसले होते. मग जवसाचं तेल, तळहाताने चोळत, रोज एक हात, पंधरा-वीस दिवस. पॉलिश पेपर हा आमच्या धंद्यातला सगळ्यांत मोठा चोर. तो घाण नेतो, पण तिच्याबरोबर वयही घेऊन जातो, आणि नेलेलं परत आणून देत नाही. हे मी इतरांना फार ऐटीत सांगत असे.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. बहुतेकांना बैठकीच्या भिंतीवर आजोबांची बंदूक लावायची असते. अशा बंदुकीचा घाव घालणारा खिळा काढून ती कायमची मुकी करतात. अदलियातल्या एका कॅफेच्या सजावटीचं काम घेतलेली एक बाई दोन रायफली घेऊन आली आणि म्हणाली, सोफ्याला शोभेल असा पांढरा रंग मारून द्या. अरबाब उठून घरात गेले आणि ती गेल्यावरच बाहेर आले. एका व्यापाऱ्याने इंग्लंडच्या जुन्या काळच्या राणीचा शिक्का असलेली रायफल आणली, जपून, मखमलीत गुंडाळून. शिक्क्याखाली साल होतं, ते राणी वारल्यानंतरचं. वायव्य सरहद्दीकडच्या कुठल्यातरी कारागिराने घरी बसून केलेली नक्कल. पण हाताने घासून घासून केलेलं काम इतकं नेटकं होतं की मी त्या व्यापाऱ्याला म्हटलं, शेठ, खोटी आहे खरी, पण ठेवा. त्याला ते पटलं नाही. मला अजूनही वाटतं की त्याने ठेवायला हवी होती.

अरबाबचा दुसरा नाद काडतुसं भरण्याचा. जुन्या रायफलींची काडतुसं आता बाजारात मिळत नाहीत, म्हणून झाडलेल्या पितळी पुंगळ्या गोळा करून, साफ करून, ते त्या पुन्हा भरतात आणि परवानगीच्या मैदानावर नेऊन वापरतात. त्यांच्या फौजेतल्या जुन्या दोस्तांचा तो शुक्रवारचा विरंगुळा. भरायच्या खोलीत मला एकच काम, पुंगळी डोळ्याजवळ धरून तिला चीर गेली आहे का ते पाहणं. तिथे फोन न्यायचा नाही, रेडिओ नाही, बोलायचं नाही. एकदा अरबाब स्वतःच चुकून फोन खिशात घेऊन आले. तो वाजला, त्यांनी उचलला, बहिणीशी दोन वाक्यं बोलले आणि ठेवला. मग समोरच्या ट्रेकडे पाहत बसले. कुठल्या पुंगळीपर्यंत झालं होतं याची त्यांना शंका आली. त्या दिवशी भरलेली सगळी काडतुसं त्यांनी एकेक करून परत उलगडली. मी म्हटलं, फक्त शेवटची चार-पाच बघितली तर नाही का चालणार? म्हणाले, “शक आया तो सब खोलो. शक मफी, तो आगे चलो.” मफी म्हणजे नाही. हा नियम मी त्यांच्याकडून शिकलो. जिथे वापरायचा होता तिथे वापरला नाही, त्याची ही गोष्ट.

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत एक हाजी आले. ऐंशीच्या घरातले, काठी न घेता चालणारे, मितभाषी. नातवाचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. इथल्या लग्नात पुरुष दोन रांगा करून ढोलाच्या ठेक्यावर डोलत नाचतात, हातात तलवारी आणि जुन्या बंदुका घेऊन. त्याला अरदा म्हणतात. हाजींच्या वडिलांची रायफल त्या अरद्यात नातवाच्या हाती द्यायची होती. वडील पूर्वी एका मोठ्या बागेचे आणि तिच्यातल्या झऱ्याचे राखणदार होते. दस्त्यावर चामड्याची खोळ घट्ट शिवलेली होती, शिडाच्या जाड दोऱ्याने, आणि आता ती कुजून काळी पडली होती. हाजी अरबीत एवढंच म्हणाले की ही खोळ काढा आणि लाकूड चांगलं करा. इतक्या वर्षांत अरबी मला कळते, बोलताना मात्र माझी गाडी अडखळते. मी होकार दिला.

कामाला हात घालण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढायचे ही आमची पद्धत. मी काढले, पण खोळीसकट. खोळ दुसऱ्या दिवशी कापून काढली, आणि खाली दस्त्यावर चाकूने कोरलेल्या आडव्या रेघा दिसल्या. सात. सहा खोल आणि सारख्या, मग बोटभर जागा सोडून एक उथळ, अर्ध्यावर सोडल्यासारखी.

बंदुकीवरच्या रेघा म्हटल्यावर माणसाच्या मनात जे येतं तेच माझ्या आलं. राखणदार माणूस, बाग, पाण्यावरून भांडणं. सात माणसं. आणि वरून चामडं शिवलेलं, म्हणजे पुढे त्यालाही लाज वाटली असणार. आता ही बंदूक लग्नात पोराच्या हाती जाणार. मला ते बरं वाटेना. म्हाताऱ्याला हे माहीतही नसेल, आणि नसलेलंच चांगलं, असं मीच ठरवलं. विचारायला फोन समोर पडला होता, पण मी केला नाही. मनात पुण्य केल्याची भावना होती, आणि तशी भावना असली की माणूस विचारत नाही.

त्याच दस्त्याच्या आतल्या बाजूने थोडी भुकटी खरवडली, ती गमात कालवून भेगा बुजवायची लांबी केली आणि सातही रेघा भरल्या. नेहमी मी सरस वापरतो. जनावराच्या कातड्याचा तो जुना चिकट पदार्थ गरम पाण्याने परत सुटतो. आमचा बाप होड्या बांधणारा सुतार; तो म्हणायचा, सुताराने असं काही करू नये की पुढच्या सुताराला ते काढता येणार नाही. पण सरस वाळायला वेळ घेतो आणि दिवस थोडे होते. मी दोन ट्यूबांचा पक्का गम वापरला. वरून पॉलिश पेपर मारला. तेल चोळलं. काम इतकं साफ झालं की अरबाबनी दस्ता उजेडात फिरवून पाहिला आणि त्यांनाही कळलं नाही. कुजलेलं चामडं कचऱ्याबरोबर गेलं.

हाजी लग्नाच्या आठवडाभर आधी आले. चहा झाला. मी रायफल त्यांच्या मांडीवर दिली. त्यांनी नळीकडे पाहिलंच नाही. अंगठा दस्त्यावर एका ठरावीक जागी नेला आणि तिथे फिरवला. मग थोडा पुढे. मग मागे. आधी त्यांना वाटलं बाजू चुकली, म्हणून त्यांनी बंदूक उलटी करून पाहिली. मी अजूनही शाबासकीची वाट पाहत उभा होतो.

“रेघा कुठे आहेत?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं की भरल्या. का, तेही सांगितलं. मोडक्यातोडक्या अरबीत ते जास्तच वाईट ऐकू गेलं. अरबाबनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तसं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. हाजी रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते हळूहळू बोलत राहिले. त्यांचे वडील निरक्षर होते. घरात मूल झालं की ते बंदुकीवर एक रेघ कोरायचे. तीन मुलं लहानपणीच गेली. जुन्या कबरस्तानात नाव लिहायची पद्धत नाही, दगड तेवढा असतो, आणि पुढे तो दगडही कोणता ते कोणाला सांगता येत नाही. दोन भाऊ मोठे होऊन गेले. हाजी सर्वांत धाकटे. तीन वर्षांचे असताना वडिलांनी त्यांचं बोट धरून शेवटच्या रेघेवर ठेवलं होतं आणि म्हटलं होतं, हा तू. त्यानंतर थोड्याच दिवसांत आई गेली, वडिलांनी दस्त्याला चामडं शिवलं आणि रेघा पुन्हा दिसल्या नाहीत. आता नातवाला त्या दाखवायच्या होत्या.

“आम्ही सहा होतो,” ते म्हणाले. “सहा परत करून दे.” आणि रायफल माझ्याकडे देऊन गेले.

मी सुतार आहे. आमच्याकडे एक घर उतरवून दुसऱ्या जागी उभारायचं असेल तर सुतार वाशांवर पटाशीने रेघा मारतो, एक, दोन, तीन, म्हणजे कोणता वासा कुठे बसायचा ते कळावं. लहानपणापासून मी अशा रेघा वाचत आलो. रेघ म्हणजे मोजणी, एवढं मला कोणी शिकवायला नको होतं. पण लाकडाऐवजी बंदूक समोर आली आणि मला फक्त मेलेली माणसं दिसली. या चुकीची लाज मला अजून वाटते, आणि ती गमाच्या चुकीपेक्षा मोठी आहे.

तरीही खरी पंचाईत पुढेच होती. रेघा सहा नव्हत्या, सात होत्या, आणि ते जगात मला एकट्याला ठाऊक होतं. अरबाबना सांगितलं. ते नळी पुसता पुसता म्हणाले, “मिस्त्री, वो सिक्स बोला, तुम सिक्स बनाओ. खलास.” त्यात दुष्टपणा नव्हता. ऐंशी वर्षांच्या माणसाला लग्नाच्या आठवड्यात काय काय सांगायचं, असा त्यांचा हिशेब. मलाही तो सोयीचा होता. आधीच एकदा शेण खाल्लं होतं. गप्प सहा रेघा कोरून मोकळं होणं सोपं होतं.

शुक्रवारी दुपारी जेवताना बायकोला सांगितलं. ती इथे एका दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात आया आहे. मुलगी पण ताटावर होती. ती मराठी सगळं समजते आणि उत्तर इंग्रजीत देते. बायकोने सातवी रेघ कशी होती ते दोनदा विचारलं. उथळ, बोटभर लांब, अर्धी. मग आई कधी गेली ते विचारलं. ताटातला भात तिने बाजूला सारला.

“त्यांचं माणूस हाय ता,” ती म्हणाली. “एकदा तुमी पुसलंव, ता न सांगता. आता परत पुसनार?”

मी शनिवारी सकाळी अरबाबना म्हटलं, तुमचाच नियम आहे, शंका आली की सगळं खोलायचं. फोन उचलून त्यांनीच हाजींना बोलावलं.

हाजी आल्यावर मी दस्ता टेबलावर आडवा ठेवला, खिडकी बंद केली आणि टॉर्च एका बाजूने तिरपा धरला. माझं काम कितीही साफ असलं तरी तिरप्या उजेडात लांबीची कड दिसते. त्यांनी चष्मा लावला. मी बोट ठेवत मोजलं. सहाव्यावर ते “हा मी” असं पुटपुटले आणि थांबले. मी बोट पुढे नेलं.

“सात होत्या,” मी म्हणालो.

त्यांनी टॉर्च माझ्या हातातून घेतला आणि स्वतः पाहिलं. सहावी आणि सातवी यांच्यामधली जागा अंगठ्याने मोजली. ही अशीच उथळ होती का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं, सुरू करून सोडून दिल्यासारखी. मग ते खुर्चीत मागे टेकले.

“मला सांगितलं होतं,” ते म्हणाले, “की आई तापाने गेली.”

ती बाळंतपणात गेली होती, आणि मूलही; बायकोने ताटावर ओळखलं होतं ते आम्हा तिघांना आत्ता पक्कं कळलं. बाहेर पाण्याचा टँकर मागे घेत होता, त्याची टूं टूं तेवढी ऐकू येत राहिली. ऐंशी वर्षं हा माणूस स्वतःला शेंडेफळ समजत होता. माझ्या मनात आलं, मी हे का सांगितलं, आणि लगेच वाटलं, न सांगता मी इथे उद्या कसा येणार होतो.

मग ते म्हणाले, कोर. मी पटाशीला धार लावून घेतली आणि त्यांच्यासमोरच सहा रेघा कोरल्या, लांबीच्या कडेकडेने, जुन्या मापाने. गम दगडासारखा झाला होता, त्यामुळे वेळ लागला. जागा जुनीच होती, खोली जुनीच होती, पण हात माझा. वडिलांच्या चाकूची कड आता कुठेच राहिलेली नाही आणि ती मी घालवली आहे. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली.

सातवीला मी पटाशी टेकवली तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. खिशातून खजूर चिरायचा छोटा चाकू काढला. चाकू दोनदा घसरला, आणि रेघ झाली ती वाकडी, उथळ, एका टोकाला फाटा फुटलेली. ते थांबले आणि माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत वाकडं काम समोर दिसल्यावर मी हात लावला नाही असं कधी झालं नव्हतं. मी फक्त कापसाने जवसाचं तेल त्या ताज्या रेघेवर टिपलं आणि रायफल त्यांच्या हवाली केली.

लग्नाला आम्हाला बोलावणं होतं. असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजानंतर त्यांच्या घरामागच्या मोकळ्या जागेत अरदा सुरू झाला. अरबाबनी परवानगीने, गोळी नसलेली, नुसत्या आवाजाची काडतुसं भरून दिली होती. त्या दिवशी खोलीत आम्ही दोघेही एक शब्द बोललो नव्हतो. नातू रांगेत उभा होता, रायफल खांद्याला लावून, शेजारी आजोबा. मधे ढोल थांबले तेव्हा त्याचा कोणीतरी दोस्त पुढे झाला आणि दस्त्यावर बोट ठेवून हसत म्हणाला की आजोबांच्या बापाने बरीच माणसं लोळवलेली दिसतात. मी जवळच होतो. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

हाजींनी त्या मुलाचं बोट धरलं, सहाव्या रेघेवर ठेवलं आणि मग वाकड्या रेघेवर नेलं.

“ही माणसं आहेत,” ते म्हणाले. “आम्ही सात भावंडं. हा मी, आणि हा माझ्याहून धाकटा.”